टेकडीखालचे दोर

नागपुरी संत्र्याची बी पेरली की पुष्कळदा एका बीतून दोन-तीन कोंब वर येतात. जंबेरीच्या बीचेही तसेच. वरुड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांमध्ये जंबेरीचा खुंट वाढवून त्यावर संत्र्याचा डोळा बांधणाऱ्या माणसाला हे नव्याने सांगावे लागत नाही. वाफ्यातली एकसारखी रोपे ठेवायची आणि मेळात न बसणारी, फार खुरटी किंवा वेगळ्याच पानांची रोपे उपटून टाकायची, हा तिथला शिरस्ता. उपटलेल्या त्या रोपांपैकी बरीच परागसिंचनातून जन्मलेली असतात. ठेवलेली एकसारखी रोपे मात्र बापाशिवायची असतात. बीजांडात गर्भाला वेढून बसलेल्या, आईच्याच अंगातल्या साध्या पेशींनी ती घडवलेली असतात. म्हणजे ज्या पेशीला गर्भ पोसण्याचे काम लागले होते, ती ते काम सोडून स्वतःच गर्भ होते आणि मूळ, खोड, पान, काटा, फूल असे सगळे झाड पुन्हा पहिल्यापासून उभे करते. लिंबूवर्गातल्या एका बीतून अनेक रोपे येतात हे लेव्हेनहूकने 1719 मध्येच नोंदवले होते. ही जादा रोपे आईच्या साध्या पेशींतून येतात हे एडुआर्ड स्ट्रासबुर्गर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1878 मध्ये दाखवून दिले. हिवाळ्यात नागपूरच्या सीताबर्डीच्या रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागतात, त्यातल्या प्रत्येक फळाच्या बीत जीवशास्त्राच्या एका फार मोठ्या वादाचे उत्तर तेव्हापासून पडून होते. वाद असा की, एकदा एका कामाला लागलेल्या पेशीजवळ बाकीच्या कामांचे ज्ञान उरते का?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या प्रश्नाला दिले गेलेले सर्वांत नेटके उत्तर ‘नाही’ असे होते. आउगुस्ट वाइसमान यांनी 1892 मध्ये मांडले की, फलित अंड्यात शरीराची सगळी सूत्रे असतात आणि पेशी दुभंगत जातात तशी ती वाटली जातात. यकृताच्या वाट्याला यकृताची, स्नायूच्या वाट्याला स्नायूची. सगळा संच फक्त बीजपेशींकडे राखलेला. ही कल्पना आज चुकीची ठरली म्हणून तिला हसण्याचे कारण नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या कुणालाही ती पटेल. प्रत्येक पिढीत तुकडे होतात, आणि दोन गुंठ्यांच्या मालकाकडून साऱ्या शेताचे पीक मागता येत नाही. शिवाय तिला प्रयोगाचाही आधार होता. विल्हेल्म रू यांनी 1888 मध्ये बेडकाच्या दोन-पेशी गर्भातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली, तर उरलेल्या पेशीतून अर्धाच गर्भ वाढला. पण तीनच वर्षांनी हान्स ड्रिश यांनी समुद्री साळिंदराच्या गर्भातल्या दोन पेशी हलवून एकमेकींपासून सुट्या केल्या, तेव्हा दोन्हींतून आकाराने लहान पण संपूर्ण अळ्या निघाल्या. रू यांचे काय चुकले होते? मेलेली पेशी त्यांनी जागच्या जागी ठेवली होती. जिवंत पेशीला ती शेजारी जाणवत होती, म्हणून ती आपल्या अर्ध्या वाट्याचेच काम करत राहिली. 1910 मध्ये मॅकक्लेंडन यांनी बेडकाच्या गर्भातली एक पेशी शोषून पुरती काढून टाकली, आणि उरलेलीतून धड गर्भ तयार झाला. या छोट्या दुरुस्तीत पुढच्या शंभर वर्षांचे बीज आहे असे मला वाटते. पेशी अर्धवट वागते म्हणून तिच्याजवळ अर्धेच ज्ञान आहे असे ठरत नाही. शेजार तिला काय सांगतो आहे, हे आधी पाहावे लागते.

या कल्पनेच्या इतिहासात 1958 हे साल विलक्षण आहे. त्या वर्षी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टुअर्ड यांनी गाजराच्या कंदातल्या पक्व पेशी नारळपाणी मिसळलेल्या द्रावणात वाढवून त्यांतून नवी रोपे मिळवल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भातल्या पेशींचे केंद्रक, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यांत घालून पूर्ण वाढलेले, जननक्षम बेडूक मिळवले. आणि त्याच वर्षी पुण्याच्या लीला मुल्हेरकर यांचा कोंबडीच्या गर्भावरचा निबंध प्रसिद्ध झाला. कोवळ्या गर्भातला कोणता भाग शेजारच्या भागाला काय व्हायचे ते सांगतो, हा त्या निबंधाचा विषय. तो एडिनबरोला, सी. एच. वॉडिंग्टन यांच्या संस्थेत केलेल्या कामातून आला होता. पुढे पुणे विद्यापीठात मुल्हेरकरांनी विकासजीवशास्त्राची जी परंपरा उभी केली तिचे उगमस्थान तिथले. आणि त्या संस्थेत त्याच सुमारास जीवशास्त्रातले एक अतिशय प्रसिद्ध चित्र पुरे होत होते. वॉडिंग्टन यांच्या 1957 च्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स’ या पुस्तकात ते आहे. एक उतरती टेकडी, तिच्या माथ्यावर एक गोटी, आणि खाली उतरताना फाटे फुटत जाणाऱ्या घळी. गोटी म्हणजे कोवळी पेशी. ती घरंगळते, पहिल्या फाट्यावर डावी-उजवी होते, मग पुढच्या फाट्यावर, आणि शेवटी एका घळीच्या तळाशी स्थिरावते. ती घळ त्वचेची, शेजारची मेंदूची, त्यापलीकडची रक्ताची. एका घळीतून दुसरीत जायला मधला कडा चढावा लागतो, म्हणून त्वचेची पेशी सहसा मेंदूची होत नाही. ज्यांतून बाकीच्या पेशी जन्मतात त्या मूलपेशी कशा विशेष होत जातात हे समजावताना आजही जगभर हेच चित्र काढतात.

सीताबर्डीवर राहणाऱ्याला टेकडीचे चित्र ओळखीचे वाटेल. मोठी आणि छोटी अशा इथल्या दोन टेकड्यांवर 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजा लढल्या, आणि तिथला किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. पण वॉडिंग्टन यांच्या टेकडीत आणि मातीच्या टेकडीत एक मोठा फरक आहे, आणि तो फरक खुद्द वॉडिंग्टन यांनीच दाखवलेला होता. त्याच पुस्तकात पुढे दुसरे चित्र आहे. त्यात टेकडी खालून पाहिलेली आहे. ती तंबूच्या कापडासारखी आहे. तिच्या पोटाला असंख्य दोर बांधलेले आहेत आणि ते दोर जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना ताणून बांधले आहेत. खुंट्या म्हणजे जनुके. दोर म्हणजे जनुकांतून घडणाऱ्या रसायनांची ओढ. घळी आणि कडे हे या ओढीमुळे पडलेले आकार आहेत. एक खुंटी उपटली तर कापड सैल होईल, एखादी घळ भरून निघेल, दुसरी खोल होईल. पहिले चित्र घरोघर गेले आणि दुसरे मागे राहिले. त्यामुळे बहुतेकांच्या मनात विशेषीकरण म्हणजे एकदा खाली येऊन विसावणे असेच बसले. माझे म्हणणे असे की, गेल्या साठ-सत्तर वर्षांतला या विषयाचा सारा प्रवास म्हणजे ते मागे पडलेले दुसरे चित्र खरे होत गेल्याची हकिकत आहे. पेशी आपल्या जागी विसावलेली नसते. तिला त्या जागी ताणून धरलेले असते, आणि धरून ठेवण्याचे काम तिच्या आयुष्यभर चालू असते.

याचा पुरावा टप्प्याटप्प्याने आला. 1962 मध्ये गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्याच्या पेशींचे केंद्रक घेऊन 726 वेळा अंड्यात घातले. त्यातून 10 धडधाकट बेडूकमासे मिळाले. टीकाकार म्हणाले की आतड्याजवळून बीजपेशी स्थलांतर करतात, तुमच्या हातात चुकून त्याच लागल्या असतील. आक्षेप रास्त होता. म्हणून 1975 मध्ये गर्डन आणि सहकाऱ्यांनी प्रौढ बेडकाच्या पायाच्या, कठीण होत चाललेल्या त्वचेच्या पेशी वापरल्या, आणि त्यांच्या केंद्रकातूनही डोळे, हृदय, स्नायू असलेले बेडूकमासे घडले. 1983 मध्ये हेलन ब्लाउ यांनी माणसाच्या गर्भजलातल्या पेशी उंदराच्या स्नायूपेशींशी जोडून एकजीव केल्या. त्या जोडपेशींमध्ये माणसाच्या केंद्रकाने, ज्याचा स्नायूशी आधी कधी संबंध आला नव्हता त्याने, माणसाची स्नायूप्रथिने बनवायला सुरुवात केली. शेजारच्या केंद्रकाचे रस त्याच्यापर्यंत पोहोचले होते, तेवढे पुरेसे झाले. 1987 मध्ये मायोडी नावाचे एकच जनुक सुरू करून साध्या संयोजी ऊतकाच्या पेशींना स्नायूच्या वाटेला लावता आले. आणि 2009 मधला उंदरांवरचा एक प्रयोग तर मला सर्वांत बोलका वाटतो. प्रौढ मादीच्या अंडाशयातले फॉक्सएल2 हे एक जनुक बंद केले, तर तिथल्या पेशी हळूहळू वृषणातल्या पेशींसारख्या दिसू-वागू लागल्या. जन्मून मोठी झालेली, अंडी देणारी मादी ती. म्हणजे अंडाशयाने अंडाशय राहणे हीसुद्धा रोजची राखण होती, आणि राखण्या उठला तसा कड्यापलीकडचा मार्ग उघडला. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचापेशींत चार जनुके घालून त्यांना पार माथ्यावर, गर्भावस्थेसारख्या स्थितीत नेले, आणि 2012 चे नोबेल गर्डन यांच्याबरोबर त्यांना मिळाले. लोकांना हे उलट्या दिशेने गोटी चढवण्याचे चमत्कारिक काम वाटले. दोरांचे चित्र डोळ्यांपुढे असते तर फारसा धक्का बसला नसता. चार खुंट्या हलवल्या आणि कापडच वेगळे ताणले गेले.

यावर काही आक्षेप येतात आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला असा की काही पेशी आपले ज्ञान खरोखरच गमावतात. माणसाची तांबडी रक्तपेशी अस्थिमज्जेत पक्व होताना आपले केंद्रकच बाहेर फेकते. तिच्यापाशी परत फिरण्याजोगे काही उरत नाही, आणि सुमारे 120 दिवसांत ती संपते. प्रतिकारशक्तीच्या लिम्फोसाइट पेशी प्रतिपिंडांच्या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडतात. सुसुमु तोनेगावा यांनी 1976 मध्ये हे दाखवले. वाइसमान यांची वाटणी तिथे काही अंशी खरीच ठरते. मी हे अपवाद मान्य करतो, पण त्यांनी नियम मोडत नाही. तांबड्या पेशीने केंद्रक टाकले तरी तिला जन्म देणारी मज्जेतली मूलपेशी सगळी पोथी राखून असते. नाही तर दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी आल्या असत्या कुठून? दुसरा आक्षेप म्हणजे झाडांचे झाडांपाशी, प्राण्यांना त्याचे काय? संत्र्याच्या डोळ्यातून झाड येते म्हणून हाडामांसाच्या शरीराबद्दल काही ठरत नाही. फरक आहेच. झाडाच्या शेंड्याला आयुष्यभर विभागत राहणाऱ्या कोवळ्या पेशी असतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त रोपे करण्याची जी शेंडा-कलमाची पद्धत वापरतात तिचा सारा आधार तोच आहे. मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा शेंडा कापून काचनळीतल्या रोपाच्या छाटलेल्या खोडावर ठेवायचा. तिथे अजून रसवाहिन्या पोहोचलेल्या नसल्याने विषाणूही पोहोचलेला नसतो. बहुतेक प्राण्यांत अशी सोय नाही. पण फरक दोर किती घट्ट आहेत याचा आहे. 2017 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी लिंबूवर्गातल्या बहुगर्भी आणि एकगर्भी जातींचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा फरक सापडला तो एका जनुकाच्या सुरुवातीला घुसलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्याचा. नवे ज्ञान काही आलेले नव्हते. एका जागी बटण वेगळे बसले होते, एवढेच.

हे सगळे संत्र्यापाशी आणि बेडकापाशी थांबत नाही. विदर्भात या कल्पनेची कसोटी माणसाच्या रक्तात लागते आहे. शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपुरातून मध्य भारतातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाबद्दलचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला तेही 1958 सालीच, ज्या वर्षी गर्डन यांचे बेडूक आणि मुल्हेरकरांचा निबंध आला त्याच वर्षी. पुढे इथल्या वस्त्यांत आणि गडचिरोलीपर्यंतच्या गावांत ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द घरचे झाले. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे ज्याला आईकडून आणि बापाकडून दोन्ही सदोष प्रती मिळाल्या तो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढ्या एका बदलाने प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन दांड्यांसारखे एकमेकांत अडकते आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. ती बारीक वाहिन्यांत अडकते, 120 दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांत फुटते, आणि अडकली तिथे जीव नकोसा करणारी कळ उठते. त्या कळीला इथे सगळे ‘क्रायसिस’ म्हणतात. या आजारासाठी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करणारे नागपूरचे संपत रामटेके यांना 2018 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या जिल्ह्यांत हा प्रश्न किती घरांत शिरला आहे हे त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे सरकारदरबारी पोहोचले.

आता मूळ मुद्द्याकडे. एसएसचे बाळ जन्मते तेव्हा ठणठणीत असते. पहिल्या पाच-सहा महिन्यांनंतर बोटे सुजणे, रडणे, पिवळेपणा सुरू होतो. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच ताडले होते की नवजात बाळाच्या रक्तातले गर्भकाळचे हिमोग्लोबिन त्याचे रक्षण करत असावे. गर्भात असताना आपण वेगळे, गॅमा साखळीचे हिमोग्लोबिन वापरतो. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे जनुक गप्प केले जाते आणि बीटा साखळीचे जनुक कारभार हाती घेते. सिकलसेलचा दोष बीटा साखळीत आहे, गॅमात नाही. म्हणजे प्रत्येक एसएस रुग्णाच्या मज्जेत, प्रत्येक मूलपेशीत, दोष नसलेल्या हिमोग्लोबिनचे जनुक धडधाकट असते. ते पुसलेले नाही, बंद ठेवलेले आहे. सीताबर्डीचा किल्ला पाडलेला नाही, तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट असा ठरल्या दिवशी लोकांना उघडतो आणि एरवी दार लावलेले असते, तसे. मग दार कोण लावते? 2007-08 च्या सुमारास, जन्मतःच गर्भकालीन हिमोग्लोबिन थोडे जास्त असलेल्या निरोगी प्रौढांच्या जनुकसंचाचा अभ्यास करताना बीसीएल11ए या जनुकाचे नाव पुढे आले. 2008 मध्ये बोस्टनमध्ये विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गॅमाला गप्प ठेवणारा हाच तो राखण्या आहे, आणि तो उठवला की प्रौढ पेशीतही गॅमा बोलू लागते. इथे दोरांचे चित्र अक्षरशः लागू पडते. गप्प ठेवणे ही एकदा झालेली घटना नव्हती. रोज कुणीतरी हात धरून ठेवला होता.

पण राखण्याला सगळीकडून हाकलणेही बरोबर नव्हते, कारण बीसीएल11ए मेंदूत आणि प्रतिकार पेशींतही लागते. 2013 मध्ये त्या जनुकाला फक्त तांबड्या पेशींच्या वंशात चेतवणारा डीएनएचा छोटा भाग सापडला. तोच भाग क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने कापण्याचा उपचार म्हणजे कॅसजेव्ही. ब्रिटनमध्ये त्याला नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेत 8 डिसेंबर 2023 ला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच मूलपेशी रक्तातून काढायच्या, प्रयोगशाळेत तो भाग कापायचा, औषधाने मज्जा रिकामी करायची आणि कापलेल्या मूलपेशी परत द्यायच्या. त्या मज्जेत जाऊन रुजतात आणि पुढे जन्मणाऱ्या तांबड्या पेशींत गर्भकाळचे हिमोग्लोबिन येते. अमेरिकेत या एका उपचाराची किंमत 22 लाख डॉलर लावली गेली. विदर्भातल्या शेतमजुराच्या मुलासाठी या आकड्याला काही अर्थ नाही हे स्पष्ट आहे, आणि तो प्रश्न विज्ञानाने सुटणारा नाही, निधीने आणि इच्छेने सुटणारा आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने विकसित केलेल्या जनुकसंपादन तंत्राला 2025 मध्ये ‘बिरसा 101’ असे नाव देऊन त्याच्या निर्मितीसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी हातमिळवणी झाली. त्याची किंमत आणि पोहोच यांकडे इथल्या लोकप्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. तोवर हाताशी असलेली गोष्ट म्हणजे हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. तीही गर्भकाळचे हिमोग्लोबिनच वाढवते. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत 299 प्रौढ रुग्ण होते आणि कॅप्सूल घेणाऱ्यांचे क्रायसिस जवळजवळ निम्म्याने घटले. इथेही एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. भारतीय रुग्णांत, त्यातही अरब-भारतीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकठेवणीच्या रुग्णांत, गर्भकाळचे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, म्हणून आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असे सांगितले जाते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातल्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध करून हे सरसकट विधान खोडून काढले. इथल्या मुलांनाही वारंवार कळा येतात, रक्त चढवावे लागते, तिल्ली वाढते. ‘सौम्य’ म्हणून उपचार पुढे ढकलण्याला आधार नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत मोहक आणि म्हणून सर्वांत धोक्याचा. प्रत्येक पेशीत सगळे ज्ञान शाबूत असेल आणि दोर हलवता येत असतील, तर मग मूलपेशी टोचून गुडघा, स्वमग्नता, मधुमेह, तुटलेला मज्जारज्जू हे सगळे का बरे होऊ नये? या तर्कावर देशभर दुकाने थाटलेली आहेत. तर्क जिथे तुटतो ती जागा दाखवणे हे या विषयावर लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे. ज्ञान शाबूत असणे आणि ते योग्य वेळी, योग्य जागी, योग्य शेजाऱ्यांत वापरले जाणे यांत फार अंतर आहे. माथ्यावर नेलेली पेशी उंदराच्या अंगात नुसती सोडली, तर तिची एक गाठ होते. तिच्यात दात, केस, हाड, आतडे असे सगळ्या घळींचे तुकडे एकमेकांत गुंतलेले सापडतात. यामानाका यांच्या पहिल्या चार जनुकांत सी-मिक हे कर्करोगाशी जोडलेले जनुक होते, आणि त्यांच्या काही उंदरांना गाठी झाल्याही. शरीर लाखो दोर ताणून धरते ते उगीच नाही. यकृताने मेंदू होण्याची क्षमता रोज दाबून ठेवावी, तरच माणूस जगतो. सिकलसेलमध्ये मूलपेशींचा उपचार यशस्वी झाला त्याचे कारण तिथे आपल्याला नेमका एक दोर माहीत होता, तो कुठे बांधला आहे तेही माहीत होते, आणि रक्ताची मूलपेशी परत दिल्यावर आपली जागा आपणच शोधते. टिल आणि मॅककलोक यांनी टोरंटोत 1961 मध्ये किरणोत्साराने मज्जा नष्ट झालेल्या उंदरांच्या प्लीहेत दात्याच्या मज्जेतून वाढलेल्या गाठी मोजल्या, तेव्हापासूनचे साठ वर्षांचे काम त्यामागे आहे. गुडघ्याच्या कूर्चेबद्दल किंवा स्वमग्न मुलाच्या मेंदूबद्दल असे नेमके ज्ञान अजून कुणाकडेही नाही. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या मूलपेशींचे मान्य आजारांतले प्रत्यारोपण सोडून बाकी सगळे वापर मंजूर चाचणीतच व्हावेत, रुग्णाला उपचार म्हणून विकले जाऊ नयेत, असे बजावले.

1 जुलै 2023 ला शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत या आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. विदर्भातल्या वाचकाला दोन विनंत्या. लग्न ठरवण्याआधी दोघांची सिकलसेल तपासणी करून घ्या. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते आधी कळले तर पुढचे निर्णय माहितीने घेता येतात. आणि कुणी चाचणीच्या नावाखाली किंवा नावाशिवाय पैसे घेऊन मूलपेशी टोचायला निघाला, तर भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदणीत त्या चाचणीचा क्रमांक काय आहे, एवढे विचारा. क्रमांक सांगता आला नाही, तर खिशातले पैसे खिशातच ठेवा.